दादाच्या वजनाची हवा

सायकलचा मागचा एअर शॉक उघडायचा तर आधी आतली सगळी हवा काढायची. सगळी म्हणजे सगळी. हे मी इतक्या जणांना सांगत आलोय की आता मला बघितलं तरी गावातली सायकलवाली पोरं हात जोडतात, "माहितीय काका, सगळी हवा." आणि तरी त्यांच्यातला एखादा दीडशहाणा शॉक मांडीवर घेतो, तोंडासमोर धरतो आणि नळाच्या पान्याने फिरवायला लागतो. मग माझं डोकं फिरतं. मी त्याच्या हातातून शॉक काढून घेतो आणि चार गोष्टी ऐकवतो, त्याच्या आईसमोरसुद्धा.

माझा जन्म हवेच्या आणि तेलाच्या सिलिंडरांत गेला. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात मी दुरुस्तीच्या टेबलावर होतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने एकदा सिलिंडर रिकामा आहे असं समजून झाकण सैल केलं. आत दाब अडकला होता. झाकण त्याच्या हनुवटीला लागून पत्र्याच्या छपरातून बाहेर गेलं. त्याचा जबडा तारांनी बांधावा लागला, आणि आजही तो भात गिळताना मान तिरकी करतो. त्याच्याशी बोलताना मी त्याच्या ताटाकडे बघत नाही.

चाकाचे धक्के झेलणारा हा शॉक दिसायला बापडा असतो. हातभरसुद्धा लांब नाही, एक चकचकीत दांडा आणि त्यावर बसलेलं नळकांडं. पण मोटारीच्या चाकात असते तिच्या कितीतरी पट दाबाची हवा त्याच्यात असते, कारण अख्खा माणूस त्या हवेवर बसतो. म्हणून ती माणसाच्या वजनाप्रमाणे भरायची. दांड्यावर एक रबरी रिंग असते. ती वर सरकवायची, माणसाला सायकलवर अलगद बसवायचं, अलगद उतरवायचं. दांडा जितका आत गेला तितकी रिंग खाली सरकलेली दिसते. साधारण पाव दांडा आत जायला हवा. जास्त गेला तर हवा कमी आहे, कमी गेला तर हवा जास्त आहे. बारीक माणसाला कमी हवा, जाड्याला जास्त. एवढं कळलं की काम कळलं.

हे सगळं मी शिकलो ते दादामुळे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं गाव खाडीच्या काठाचं, भाताची शेती आणि मिठागरं यांच्यावर वाढलेलं. शेतं आता टॉवरांखाली गेली आणि आम्ही नोकरीला लागलो. दादाने औषधांच्या एका कंपनीत हिशेब बघितले आणि मुलीचं लग्न झाल्यावर, केस पांढरे झालेले असताना, कुणाकडून तरी जुनी पण भारी माउंटन बाइक विकत घेतली. पुढे शॉक, मागे शॉक. अख्खा गाव हसला. शेजारची काकी म्हणाली, "म्हातारपनी याला चाकं फुटली." मी पण हसलो. म्हटलं, स्टेशनपर्यंतचा आपला रस्ता बघता मागे शॉक पाहिजेच, उलट माणसाच्या कमरेला पण एक बसवून घ्यायला पाहिजे.

पण दादा चालवायचा. मिठागरांच्या बांधांवरून जायचा, आगाशीच्या बाजारातून केळी घेऊन यायचा, तुंगारेश्वरच्या कच्च्या वाटेने वर चढायचा आणि लाल मातीने भरलेला परत यायचा. चढताना काय वाटतं ते तो मला सांगू बघायचा आणि मला ऐकायचं नसायचं. मी सायकलवर बसत नव्हतो. सायकल दुरुस्त करणं हे काम आहे, तिच्यावर बसून डोंगरात घाम गाळणं हे रिकामपण आहे, असं माझं ठाम मत होतं आणि मी ते त्याला दर रविवारी सांगत होतो.

शॉकची सर्व्हिस मात्र मी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. तो शॉक बनवणाऱ्या कंपनीत पाठवायला निघाला होता. मी म्हटलं, सीलं आणि ग्रीस आण, बाकी मी बघतो. आमच्या पडवीत, भाताच्या जुन्या कोठीवर गोणपाट टाकून, आम्ही दोघं बसायचो. मी त्याला चष्मा घालायला लावायचो, कारखान्यातला, कडेने बंद असलेला. तो कुरकुरायचा. मी त्याला म्हणायचो, डोळे तुझे आहेत पण पाप मला लागेल.

आणि तो त्या रिंगबाबत फार काटेकोर. सर्व्हिस झाली की बूट, हेल्मेट, पाण्याची पिशवी असा पूर्ण नवरदेव होऊन सायकलवर बसायचा, भिंतीला हात टेकून. मग उतरून, वाकून रिंग बघायचा. "आकडा किती?" असं विचारायचा. मी पंपाच्या काचेतला दाबाचा आकडा वाचून सांगायचो. त्याला त्याचा आकडा पाठ होता, लोकांना आपली जन्मतारीख असते तसा.

मग त्याचं पोट दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी, मग अल्सर, मग दुर्बीण, मग तपासणीचे कागद घेऊन डॉक्टरांनी मला आणि वहिनीला आत बोलावलं आणि दादाला बाहेरच्या बाकावर बसवलं. डॉक्टर जे म्हणाले त्याचा अर्थ एवढाच होता की उशीर झालाय. कापण्यासारखं राहिलेलं नाही आणि औषधांनी त्रास वाढेल, आयुष्य नाही. घरी न्या, दुखू देऊ नका. वहिनीने पदर तोंडात धरला होता. बाहेर आल्यावर तिने दादाला सांगितलं, "अल्सरच आहे. जुना आहे म्हणून वेळ लागेल."

मी तिथेच तोंड उघडणार होतो. मला राग आला होता, कुणाचा ते माहीत नाही. पण तिने माझ्याकडे असं बघितलं की मी रिक्षा बघायला गेलो.

घरी आईने निकाल दिला. दादा आत झोपला होता आणि आम्ही तिघं मागच्या दारी, विहिरीपाशी उभे होतो. आई म्हणाली, "त्याला कोनी काय सांगायचं नाय. माझ्या पोराला समजता कामा नये."

मी म्हटलं, "आई, तो लहान आहे का? त्याचं शरीर आहे. त्याला काय करायचं ते त्याला ठरवू दे."

"तुझ्या बाबाला सांगितलं होतं ना? काय केलं त्यानं?"

आमच्या बाबांना डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. चालत दवाखान्यात गेलेला माणूस घरी आला, भिंतीकडे तोंड करून झोपला आणि पुन्हा आमच्याकडे वळला नाही. जेवण बंद, बोलणं बंद. दुखण्याने नाही, ऐकण्याने मेले, असं आई तेव्हापासून मानत आली. आमच्या आळीत बहुतेक घरांत असाच एक माणूस होऊन गेलाय. त्यामुळे आमच्याकडे मोठं दुखणं आलं की अख्खं घर जाणतं आणि ज्याला झालंय तो एकटा जाणत नाही. याला कुणी खोटेपणा मानत नाही. ही सेवा आहे.

"मानूस दुखन्यानं मरतो ते देवाच्या हाती," आई म्हणाली. "पन धास्तीनं मारायचं ते आपल्या हाती. ते मी होऊ देनार नाय."

तर मग आम्ही सेवा करायला लागलो.

दादा उतरत चालला. वहिनीने घरातला वजनकाटा माळ्यावर टाकला आणि सांगितलं, बॅटरी गेली. त्याच्या सगळ्या पँटी ती एकेक करून कमरेत आत घेत होती, तो आंघोळीला गेला की मशीनवर बसायची. पट्ट्याला नवं भोक पाडलं तेसुद्धा जुन्या भोकासारखं दिसावं म्हणून त्याची कड नखाने मळवली. दवाखान्यात त्याला काट्यावर उभा केला की ती आकड्याच्या समोर जाऊन उभी राहायची आणि नर्सशी हवापाण्याच्या गप्पा मारायची. भेटायला येणाऱ्यांना आई फाटकातच गाठून दम द्यायची. माणसं आत येऊन म्हणायची, "वा, तब्येत सुधारली की!" आणि दादा हसून म्हणायचा, "हो, आता बरंय." मला तिथे बसवत नसे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, असं मी वहिनीला एकदा म्हणालो. ती म्हणाली, "भावोजी, मला तेवढंच जमतंय. तुम्हाला दुसरं काही जमत असेल तर करा."

माझ्या वाट्याला शॉक आला.

तो अजून चालवत होता. डोंगर सुटला होता, पण बांधावरून खाडीपर्यंत जायचा, थांबत थांबत. एके दिवशी म्हणाला, मागे कडक लागतंय, हाडं वाजतात, शॉकमध्ये काहीतरी बिघडलंय. मी त्याला सायकलवर बसवला. रिंग जेमतेम हलली. शॉकमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं. हवा जितकी होती तितकीच होती.

मी रिंगकडे बघत राहिलो. कागद वाचले होते, डॉक्टरांचं ऐकलं होतं, पण दादा जाणार हे मला त्या क्षणी कळलं. तो भिंतीला धरून वरून विचारत होता, "काय झालं?"

"सील सुकलंय," मी म्हटलं. "आतल्या आत अडकतंय. उघडून बघतो."

उघडायची गरज नव्हती, तरी मी उघडला, म्हणजे खोटं खरं वाटावं. साफ केला, ग्रीस लावलं, बंद केला, आणि भरताना कमी हवा भरली. तो बसला. रिंग बरोबर पाव दांड्यावर आली. त्याचा चेहरा खुलला.

"आकडा किती?"

"तुझाच," मी म्हटलं, आणि त्याचा जुना आकडा सांगितला. पंपाची काच मी अंगठ्याने झाकून धरली होती.

मग हे असंच चालू झालं. त्याला कडक लागायला लागलं की तो सायकल पडवीत आणून उभी करायचा, मी शॉक काढायचो, उघडल्यासारखं करायचो आणि आणखी हवा कमी करायचो. दर वेळी आकडा तोच सांगायचो. वहिनी पँटीला टाके घालत होती, मी हवा काढत होतो. कारखान्यात मी कुणाला दाबाचा खोटा आकडा सांगितला असता तर मला त्याच दिवशी घरी पाठवला असता, आणि बरोबरच होतं ते. खोट्या आकड्यावर माणसं मरतात. हे मी शिकाऊ पोरांना ओरडून सांगत आलो होतो, आणि घरी भावाच्या तोंडावर तेच करत होतो. मला स्वतःची किळस यायची आणि दुसरीकडे त्याचा खुललेला चेहरा बघायची सवयही लागली होती.

शेवटची सर्व्हिस थंडीत झाली. तोवर त्याचं फाटकाबाहेर जाणं बंद झालं होतं. त्याने मला बोलावून सांगितलं, शॉक पूर्ण उघड, नवी सीलं आहेत ती घाल, मला बघायचंय. आई म्हणाली, बघू दे, मन रमेल. आम्ही त्याला पडवीत खुर्चीवर बसवला, पायांवर गोधडी टाकली. चष्मा घातला तर त्याच्या तोंडावर तो मोठा झाला होता, नाकावरून घसरत होता. त्याने एका बोटाने तो वर धरून ठेवला.

मी सगळं नीट केलं. त्या दिवशी उघडल्यासारखं नाही, खरंच उघडलं. व्हॉल्व्ह दाबून हवा हळूहळू सोडली. फस्सकन सोडायची नाही, तेल बाहेर येतं. शॉक दाबला, पुन्हा सोडली. पुन्हा दाबला. मग व्हॉल्व्हची आतली सुई काढली. दांडा हाताने ओढून बघितला, तो सहज बाहेर आला.

"बाहेर आला नसता तर?" त्याने विचारलं.

"तर आत कुठेतरी दाब राहिलाय. मग हात लावायचा नाही. त्यांच्याकडे पाठवायचा ज्यांच्याकडे साधनं आहेत."

"आणि ते आतलं छोटं भांडं?"

"त्यात नायट्रोजन. ते आपलं कामच नाही."

दोन्ही टोकांच्या भोकांतून मी दोरी ओवून बांधली, तोंड भिंतीकडे केलं, वर गोणपाट टाकलं आणि मग नळकांडं रबराच्या पट्टीने धरून फिरवलं. ते निमूट सुटलं. आतलं ग्रीस काळं पडलं होतं. दादाने हात पुढे केला, मी त्याच्या तळहातावर जुनं सील ठेवलं. ते त्याने बोटांत फिरवून बघितलं आणि गोधडीवर ठेवलं. मी पुसत होतो, नवी सीलं बसवत होतो, आणि तो मला मध्येच विचारत होता, आता काय, आता कुठलं. मी एवढा वेळ त्याच्याशी न चिडता आयुष्यात बोललो नव्हतो.

शॉक सायकलवर चढवला. पंप लावला. थोडी हवा भरायची, शॉक दाबायचा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी बसते, मग पुढची. आई आत चहा टाकत होती आणि वहिनी मशीनवर होती, मशीनचा आवाज बाहेर येत होता.

मी म्हटलं, "चल दादा, धरतो तुला. जरा बस, रिंग बघू."

तो उठला नाही. म्हणाला, "तू बस."

"मी कशाला?"

"तुझ्या वजनाची भर."

मी म्हटलं, "मला काय चालवायचीय? तुझी सायकल आहे. बरा झालास की—"

"अंगठा काढ," तो म्हणाला.

मी खाली बघितलं. माझा अंगठा काचेवर होता. अजून काहीच सांगायचं नव्हतं तरी तो आपणहून तिथे गेला होता.

"एवढी वर्षं माझा आकडा सांगताना तू पंप माझ्याकडे धरायचास," दादा म्हणाला. "मग एक दिवस झाकलास. त्या दिवशी मला सगळं कळलं. पँटीचं नंतर कळलं."

मला रडू येत होतं आणि ते आत ऐकू जाईल म्हणून मी दात आवळून धरले होते. तो माझ्याकडे बघत होता, एका बोटाने चष्मा वर धरून.

"मी भिंतीकडे तोंड करून झोपलो का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग झालं. आईला बोलू नको. मला माहीत नाही म्हणून तिला झोप लागते. तिच्याने हे दोनदा होणार नाही."

"आणि वहिनी?"

"तिला पण नको. ती शिवतेय तोवर बरी आहे." मग तो नेहमीच्या थोरल्या भावाच्या आवाजात म्हणाला, "बस आता. चहा यायच्या आत."

मी सायकलवर बसलो. भिंतीला हात टेकला. आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसलो होतो आणि ती माझ्याखाली पार तळाला गेली. दादा खुर्चीतून पुढे वाकला, रिंग बघितली आणि म्हणाला, "भर अजून." मी उतरलो, भरलं, पुन्हा बसलो. "अजून." त्याला वाकताना दुखत होतं. ते तो लपवत नव्हता, कारण माझ्यापासून लपवायचं आता काही राहिलं नव्हतं. शेवटी रिंग पाव दांड्यावर आली. त्याने पंप स्वतःच्या हातात घेतला आणि आकडा मोठ्याने वाचला. खरा आकडा, माझा. त्याच्या चांगल्या दिवसांतल्या आकड्यापेक्षा तो बराच जास्त होता. "जाड्या झालायस," तो म्हणाला.

आई चहा घेऊन बाहेर आली. "झाली का रे सायकल?"

"झाली," दादा म्हणाला. "थंडी गेली का तुंगारला जातो."

"जा की," आई म्हणाली. "आधी चहा पी."

दादा शिमग्याच्या आधी गेला.

सायकल माझ्याकडे आहे. दर वर्षी मी शॉक उघडतो, सगळी हवा काढतो, दोरी बांधतो, चष्मा घालतो आणि माझ्या वजनाची हवा भरतो. बांधावरून खाडीपर्यंत जातो. डोंगर मला जमत नाही. पोरं म्हणतात, काका, सवय होईल.

आई आता खूप थकली आहे. कुणी भेटायला आलं की ती त्याला जवळ बसवते आणि दादाचं सांगते. बाबांचं सांगते, मग दादाचं. "एकाला सांगून घालवला," ती म्हणते, "पन पोराला मी जपलं. शेवटपर्यंत त्याला काय कळलं नाय. हसत गेला." मग ती मला साक्षीला हाक मारते, "तू होतास ना रे जवळ? सांग यांना."

मी पडवीतून आत येतो आणि म्हणतो, "हो आई. त्याला काहीच कळलं नाही."